आजची यादी निरंक

आमच्या गावात शिवेपर्यंत पोचणारे आवाज दोनच. एक पिठाच्या गिरणीचा आणि दुसरा माझा. "गिरणीतनं निदान पीठ तरी पडतं," असं माझी बायको म्हणते, आणि इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याविषयी काढलेल्या उद्गारांतला हा त्यातल्या त्यात प्रेमळ.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. गाव तिसगावच्या बाजारापासून चार मैल आत, नगर जिल्ह्यात. कागदावर आता अहिल्यानगर लिहायचं असतं. ते मी दाखल्यांवर न चुकता लिहितो आणि तोंडानं न चुकता नगर म्हणतो. ग्रामपंचायतीच्या छतावर चार दिशांना तोंड केलेले चार भोंगे आहेत. त्यांचा माइक गेली वीस वर्षं माझ्या हातात आहे. कुणी दिला म्हणाल, तर कुणीच नाही. एका झेंडावंदनाला मी सूत्रसंचालन केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या मी अजून खाली ठेवलेल्या नाहीत. नळाला पाणी कधी, रेशनचा तांदूळ कधी, कुणाची शेळी हरवली, सगळं माझ्या तोंडून. शेळीसुद्धा मी अशी सांगायचो की मालकाला रडू यावं. "पांढऱ्या कपाळाची, स्वभावानं गरीब, घरातलं माणूस समजावं अशी." शेळी काही सापडायची नाही, पण गाव म्हणायचं, गुरुजींनी सांगितलं मात्र झकास.

महामारीच्या पहिल्या वर्षी गावानं रस्ता बंद केला. बाभळीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, तोडल्या, फाट्यावर आडव्या टाकल्या, तारेनं आवळल्या. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, आशाताई आणि मी अशी दक्षता समिती झाली. माझ्याकडं वही आली. कोण आलं, कोण गेलं, कुठून आलं. पुण्यामुंबईहून परतलेल्या पोरांना चौदा दिवस शाळेत ठेवायचं ठरलं. मीच शिकवलेली पोरं पुन्हा माझ्याच वर्गात झोपली, आणि जाताना एकानं फळ्यावर लिहून ठेवलं, 'गुरुजी, यंदा तरी पास करा.' ते वर्ष निभलं. गावात कुणी दगावलं नाही. आम्ही म्हणालो, काट्यांनी वाचवलं. खरं तर आजार आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता, पण आमचा काट्यांवर विश्वास बसला तो बसलाच.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात तो पोचला. त्यानं आमचा फाटा वापरलाच नाही, लग्नाच्या पंगतीतून आला. मग समितीत ठरलं की ज्याच्या घरी निघेल त्याचं नाव रोज सकाळी सात वाजता भोंग्यावरून सांगायचं आणि त्याच्या दारात एक काटी आडवी टाकायची. म्हणजे लोक सावध राहतील. ही कल्पना सरपंचांची होती असं मी बरेच दिवस सांगत आलो. माझी होती.

आणि मी ती नुसती सांगायचो नाही. "ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, सकाळचे सात वाजले आहेत. आजची यादी ऐका." मग थोडं थांबायचो. त्या थांबण्यात गावातली भांडी थांबत, हापसा थांबे. मग नाव, बापाचं नाव, आडनाव, गल्ली. आणि शेवटी, "या घराच्या दिशेनं कुणी फिरकू नये. ही विनंती नव्हे, ताकीद आहे." हे शेवटचं वाक्य समितीच्या ठरावात नव्हतं. ते मी घरी आरशासमोर बसवलं होतं.

पहिलं नाव दूधवाल्याचं निघालं. हा माणूस सकाळ-संध्याकाळ पिकअप गाडी घेऊन दारोदार दूध गोळा करायचा आणि गावातल्याच डेअरीला घालायचा. यादी वाचून मी चहाला घरी येईपर्यंत गावानं त्याच्यापुरतं दार लावून घेतलेलं होतं. त्याला दूध कुणी घालेना. डेअरीनं त्याच्या स्वतःच्या म्हशींचंही घेतलं नाही. रोज सकाळी त्याची बायको बादल्या मोरीत ओतायची, आणि आमच्या गल्लीपर्यंत पांढरा ओघळ यायचा. आठ दिवसांत तो बरा झाला, काटी निघाली, तरी महिनाभर लोक त्याच्या गाडीकडं पाठ करून उभे राहायचे. एकदा फाट्यावर भेटला.

"गुरुजी, ताप गेला आठ दिवसांत," तो म्हणाला. "तुमचा आवाज काय कानातनं जाईना."

मी हे घरी येऊन हौसेनं सांगितलं. बायको पोळी लाटता लाटता थांबली. "तारीफ वाटली व्हय तुम्हाला?" एवढंच म्हणाली आणि पोळी उलटली.

त्यानंतर आमच्या गावात कोरोना झालाच नाही. सगळ्यांना टायफॉइड झाला. ताप आला की टायफॉइड, चव गेली की टायफॉइड, दम लागला की टायफॉइड अंगात मुरलाय. टायफॉइडला यादी नव्हती, काटी नव्हती. स्वॅब द्यायला तालुक्याला जायचं तर फाट्यावर माझ्या वहीत नोंद व्हायची, म्हणून कुणी जाईना. बाहेरगावाहून एक डॉक्टर शेतातल्या आडवाटेनं मोटारसायकलवर यायचा आणि घराघरात खुंटीला सलाईनच्या बाटल्या टांगायचा. आशाताई एकदा समितीत म्हणाली, "गुरुजी, येवढा टायफॉइड मी जन्मात बघितला न्हाई."

"यादीत हाय का कोणी?" सरपंचांनी विचारलं.

"न्हाई."

"मग सोडा की ताई."

आणि मी माइकवर सांगायला लागलो, "आजची यादी निरंक." हा आमच्या खात्याचा शब्द. तक्त्यात भरायला काही नसलं की रकाना मोकळा सोडायचा नाही, निरंक लिहायचं. मला तो फार आवडतो. 'नाही' म्हटलं की माणूस कमी पडल्यासारखा वाटतो, 'निरंक' म्हटलं की कसा साहेब वाटतो. गावाला शब्दाचा अर्थ कळायचा नाही, पण लोक खूश व्हायचे. सरपंच तर माइकच्या खोलीत उभे राहून अंगठा वर करायचे.

माझ्या घराला लागून दादाचं घर. मधे एकच भिंत, इकडं शिंकलं की तिकडून 'देव बरं करो' यायचं. दादा माझ्याहून आठ वर्षांनी थोरला. त्यानं नगरला एका धर्मादाय दवाखान्यात तीस वर्षं ड्रेसर म्हणून काढली. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, टाके काढणं. तिथं कुणाला फाटकातून परत लावत नसत. ज्याच्याजवळ पैसे असत तो देई, नसले तर बाजरी आणून ठेवी, तीही नसली तर बरा होऊन बागेला पाणी घालून जाई. दादा रिटायर झाला आणि चार-पाच वर्षांत दवाखान्याला कुलूप लागलं. दादा म्हणायचा, "आमी दोघं संगं रिटायर झालो."

त्याची मुलगी त्याचं बघूनच नर्स झाली. आमच्या ख्रिस्ती वस्तीत हे काही नवल नव्हे, दर दोन घरांआड एक नर्स आणि दर तीन घरांआड एक मास्तर. नर्सेस परदेशी जातात, मास्तर माइक धरतात. पोरगी आधी मस्कतला होती, मग इंग्लंडला गेली. आमची संध्याकाळ म्हणजे तिची दुपार. जेवणाच्या सुट्टीत ती व्हिडिओ कॉल लावायची आणि आम्ही सगळे दादाच्या ओट्यावर मोबाईलभोवती बसायचो.

ती तिकडच्या गोष्टी सांगायची. मस्कतला मजूर लोक ताप लपवायचे, म्हणाली, कारण नाव लागलं की खोलीतून उचलून नेत आणि परत येईपर्यंत कामावर दुसराच माणूस. इंग्लंडला लपवण्याचं कारणच नाही. फोन करायचा, गाडी येते, नेते, बरं करून घरी सोडते, दवाखान्यात कुणी पाकीट उघडत नाही. "म्हणजे फुकट न्हाई काका," ती म्हणायची, "पगारातनं कापून घेत्यात. पण ते आधीच. दारात न्हाई विचारत." तिथंही माणसं गेलीच. तिच्याच वॉर्डात तिनं किती जणांना मोबाईलवर घरच्यांचा निरोप ऐकवला ते सांगता सांगता ती एकदा उठून गेली होती.

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "काका, तुमची ती यादी बंद करा. नाव सांगितलं की लोक आजार न्हाई, नाव लपवत्यात."

मी म्हणालो, "बाई, तुझं इंग्लंड वेगळं, आपलं गाव वेगळं. इथं धाक लागतो." आणि वर, "आज चौदावा दिवस, यादी निरंक आहे," हेही सांगितलं. दादा हसला. त्या हसण्याच्या शेवटी त्याला खोकला आला.

आता मला इथं खरं लिहायचं आहे, आणि ते विनोदी करून लिहिता येत नाही, तसा मी दोन-तीनदा प्रयत्न करून पाहिला. तो खोकला मी ऐकला. त्या रात्रीही भिंतीतून ऐकला, दुसऱ्या दिवशीही. सकाळी वहिनी अंगणात सडा टाकत होत्या, मी यादी वाचायला निघालो होतो.

"दादाला बरं नाही का, वहिनी?"

त्यांनी बादली खाली ठेवली नाही. "टायफॉइड हाय, भाऊजी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी त्यांच्याकडं. दोघांनाही माहीत होतं. मी म्हणालो, "जपा," आणि पंचायतीत जाऊन माइक लावला. "आजची यादी निरंक." समितीनं घेतलेला एकुलता एक ऑक्सिमीटर, तो बोटाला लावायचा चिमटा, माझ्याच कपाटात होता. सेल उतरू नयेत म्हणून मी ते काढून वेगळे ठेवले होते. सरकारी वस्तू जपून वापरायची मला सवय आहे. त्या कपाटापासून दादाच्या खाटेपर्यंत वीस पावलं असतील. ती वीस पावलं मी चार दिवस चाललो नाही. दक्षता समितीच्या मास्तराच्या सख्ख्या भावाच्या दारात काटी, हे चित्र मला बघवत नव्हतं. टायफॉइड सगळ्यात जास्त माझ्या सोयीचा होता.

पाचव्या दिवशी सकाळी पोरीचा मला एकट्याला फोन आला. तिकडं नुकतं उजाडलं असणार.

"काका, अप्पा व्हिडिओ लावत न्हाईत. नुसतं बोलत्यात."

"मोबाईल जुना झालाय त्यांचा."

"काका, मी एका दमात किती शब्द बोलत्यात ते मोजतीय. परवा अकरा होते. काल सात. मगाशी बोलले तर तीन. तुम्हाला शब्दांचं कळतं ना? मग तीन म्हणजे काय ते मी सांगू का?"

मी सेल घातले आणि गेलो. दादा भिंतीला उशा लावून बसला होता, ओठ जांभळट. खुंटीला सलाईनची रिकामी बाटली. मी चिमटा काढला तसा तो म्हणाला, "आणलास व्हय." एवढंच, आणि बोट पुढं केलं. आकडा एक्क्याऐंशी आला. मी चिमटा पुसून परत लावला, कारण यंत्र बिघडलं असेल असं मला वाटलं. ऐंशी.

"यंतर बरं हाय," दादा म्हणाला. "मला पहिल्याच दिशी कळलं हुतं." प्रत्येक दोन-तीन शब्दांनंतर तो थांबत होता. "तीस वर्सं... तेच बघितलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

त्यानं बराच वेळ श्वास गोळा केला. "तू माझ्या दारात काटी टाकताना... तुझा हात थरथरला असता... तर गाव हसलं असतं." पुन्हा थांबला. "न्हाई थरथरला... तर मला वाईट वाटलं असतं."

वहिनी चुलीकडं तोंड करून उभ्या होत्या. म्हणाल्या, "चार दिवस सांगतीय, भाऊजींस्नी बोलवते. तर म्हणत्यात, त्याच्या आवाजात माझं नाव नगं."

मी सरकारी गाडीसाठी फोन लावला. गाडी दुसरा पेशंट घेऊन गेली होती, दोन-अडीच तास लागतील म्हणाले. गावात मोठी गाडी एकच, दूधवाल्याची. बायकोच धावत गेली, मला तोंड नव्हतं. तो दूध घालून नुकताच आला होता. न बोलता त्यानं कॅन बाजूला सारले, गाडीत सतरंजी अंथरली आणि दादाला कडेवर घ्यावं तसं उचलून आणलं. फाट्यावर आलो तर काट्या. मी खाली उतरलो. तार मीच आवळलेली, पक्कडीनं, तीन पेड. बोटांनी निघेना, तळहातात काटे घुसले. दूधवाला पक्कड घेऊन उतरला, मला बाजूला केलं.

"सरका गुरुजी. तुम्ही बांधलेलं तुम्हाला सुटायचं न्हाई." मग तार तोडता तोडता म्हणाला, "वहीत लिवून घ्या. गाडी गावाबाहेर गेली म्हणून."

मी सुटलेल्या काट्या ओढून कडेला टाकल्या. आयुष्यात मी न बोललेल्या थोड्या प्रसंगांपैकी तो एक.

करंजीचा घाट उतरताना दादा पालथा झोपला होता. पोरगी मोबाईलवर होती, तिच्या वॉर्डातूनच, हातातलं काम सोडून. "पालथं झोपवा, मान एका बाजूला, छातीखाली उशी." दादानं हात हलवून सांगितलं की मला माहीत आहे. गाडीला दुधाचा आंबूस वास होता. वहिनी त्याच्या पाठीवर हात फिरवत होत्या.

नगरला आधी छातीचं स्कॅन काढलं. त्या दिवसांत लोक भेटले की तब्येत विचारत नसत, स्कोअर विचारत, म्हणजे फुप्फुस किती बिघडलं तो आकडा. दादाचा स्कोअर बघून तिथल्या माणसानं माझ्याकडं न बघता कागद पाकिटात घातला. पहिल्या दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "स्वॅबचा रिपोर्ट?"

"स्कॅन आहे."

"स्कॅन नको. पॉझिटिव्ह रिपोर्ट असेल तर कोरोना वॉर्डाच्या यादीत नाव लावता येतं."

"टेस्ट केलेली नाही."

"मग साध्या वॉर्डात विचारा."

साध्या वॉर्डातल्या माणसानं पाकीट उघडलं आणि हात झटकावा तसं परत दिलं. "हा स्कोअर घेऊन इकडं? बाकीच्यांना मारायचंय का? आधी टेस्ट करून घ्या."

"आत्ता होईल?"

"किट संपलेत. स्वॅब द्या, रिपोर्ट परवा."

मी मास्तर माणूस. नियम मला पटकन कळतात, किंबहुना मला ते आवडतातच. हाही लगेच कळला. यादीत नाव असेल तर खाटेच्या रांगेत उभं राहता येतं. दादाचं नाव यादीत नव्हतं. ते तिथं नसावं म्हणून माझ्या भीतीनं त्यानं चार दिवस छाती दाबून धरली होती. काउंटरपलीकडच्या बाईंचा राग येईना. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो, आणि अधिक चांगल्या आवाजात म्हणालो असतो.

एका खासगी ठिकाणी खाट होती. त्यांना रिपोर्ट नको होता, डिपॉझिट हवं होतं, आणि तेही आत्ता. गणित मीच शिकवतो, तरी तो आकडा मला पुन्हा विचारावा लागला. पोरगी मोबाईलमधून ओरडत होती, "हो म्हणा काका, मी पाठवते!" तिचे पैसे समुद्र ओलांडून यायला उद्या उजाडणार होतं. तरी मी हो म्हणालो. बायकोला फोन करून पाटल्या आणि पासबुक घेऊन सरपंचांच्या मोटारसायकलवरून यायला सांगितलं. वळलो तोवर ती खाट गेली होती. कुणीतरी माझ्याआधी हो म्हणालं होतं, हातात रोख घेऊन.

तिसऱ्या ठिकाणी जाताना ऊन फार झालं म्हणून दूधवाल्यानं गाडी सावलीत घेतली. रस्त्यावर सावली एकाच ठिकाणी होती, जुन्या धर्मादाय दवाखान्याच्या फाटकापाशी, चिंचेखाली. मी तिसऱ्या दवाखान्यात विचारून आलो. रांग होती. दादानं मान वळवून फाटक पाहिलं. कुलपाला गंज चढला होता, आत गवत.

"ह्या फाटकातनं," तो म्हणाला, आणि थांबला. पुढचं यायला बराच वेळ लागला. "कुणाला परत लावलं न्हाई."

मोबाईल त्याच्या कानाशी होता. पोरगी तिकडून त्याला श्वास घ्यायला शिकवत होती, जसा ती परक्या म्हाताऱ्यांना शिकवायची. "आत घ्या अप्पा. सोडा. आत घ्या." मग बराच वेळ ती नुसतंच 'आत घ्या' म्हणत राहिली. वहिनींनी मोबाईल उचलून घेतला तेव्हा मला कळलं. तिथून तिच्या वॉर्डातली यंत्रं टुकटुक वाजताना ऐकू येत होती. दुसऱ्या कुणाची तरी.

टेस्ट झालेली नव्हती, म्हणून दादा आमचाच राहिला. कुठं पिशवीत गुंडाळला नाही, परक्या हातांनी नेला नाही. त्याच पिकअपमधून गावी आणला. दाखल्यावर श्वास बंद पडल्याचं आलं. गावात टायफॉइडनं गेला असं झालं, आणि टायफॉइड म्हटल्यावर सगळं गाव मातीला आलं. ओट्यावर, अंगणात, दफनभूमीच्या वाटेवर, खांद्याला खांदा लावून. मोठ्या अंतरानं उभे राहिले ते दोघेच, आशाताई आणि दूधवाला. पाळकबुवांनी दादाचं पूर्ण नाव घेतलं, बापाचं नाव, आडनाव. त्यांना माइक नव्हता. मागं उभ्या असलेल्यांना काही ऐकू गेलं नसेल. वहिनी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "त्यांना हेच पाहिजे हुतं. चौघांच्या खांद्यावर जायचं. मिळालं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते बोलणं कुठून धरावं ते मला कळेना.

त्या गर्दीतून पुढच्या पंधरवड्यात गावात आणखी टायफॉइड झाला. दोन म्हाताऱ्या गेल्या. काट्या, वही, भोंगे सगळं जिथल्या तिथं होतं. मी सकाळी सात वाजता सांगत होतो, यादी निरंक.

पावसाळा संपता संपता तालुक्याहून पत्र आलं. ज्या गावांनी रोग शिवेबाहेर ठेवला त्यांचा सत्कार होता, त्यात आमचं गाव होतं. सरपंच घरी आले, खुर्ची ओढून बसले, वहिनींच्या दाराकडं बघून आवाज खाली केला.

"गुरुजी, तुमच्यावर काय प्रसंग गेलाय ते मला ठाऊक हाय. पण कार्यक्रम म्हटल्यावर तुमच्याशिवाय कोन?"

नाही म्हणता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं, दुखवटा आहे म्हणता आलं असतं. मी विचार करतो म्हणालो, आणि संध्याकाळी वहीत सुरुवातीची चार वाक्यं लिहून काढली. मांडव घातला, साहेब आले, श्रीफळ दिलं. समितीनं काय काय केलं ते मी वाचलं. काट्या, वही, शाळेतले चौदा दिवस. मग मानपत्रातला शेवटचा परिच्छेद. "संपूर्ण साथीच्या काळात गावातील एकूण बळी," मी थोडं थांबलो, सवयीनं, "निरंक." टाळ्या पडल्या. भोंग्यांची तोंडं चार दिशांना आहेत. त्यातलं एक आमच्या गल्लीकडं आहे.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर पोरगीही आहे. दुसऱ्या दिवशी तिचा मला निरोप आला. चारच शब्द होते. 'काका, आवाज छान आला.'

इथं मी माइक कायमचा खाली ठेवला असं लिहिता आलं असतं तर शेवट बरा झाला असता. ठेवलेला नाही. परवाच नळाच्या पाण्याची वेळ सांगितली. खरखर सुरू झाली की वहिनी उठून दार लावून घेतात, भोंगा बंद होईपर्यंत उघडत नाहीत. त्यांची सकाळची प्रार्थना सात वाजता असते. म्हणून मी आता सातचं साडेसात केलं आहे. माझ्यात झालेली सुधारणा ती एवढीच.